जर्मन काच आणि बंद घड्याळ

आयुष्यात मी एकाच परीक्षेत पहिला आलो, आणि तीही कॉपी करून. शाळेतली नव्हे. शाळेत मी प्रामाणिक ढ होतो. ही परीक्षा मी तिशी ओलांडल्यावर, दोन लेकरांचा बाप असताना, अकोल्यातल्या एका फोटो स्टुडिओत दिली. ज्यांनी मला हा धंदा हाताला धरून शिकवला त्यांच्यासमोर दिली, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याच विरुद्ध दिली. त्या गोष्टीला इतकी वर्षं झाली, तरी ती आठवली की एकटा बसलेला असलो तरी कान गरम होतात.

त्यांना आम्ही सगळे उस्ताद म्हणायचो. अकोल्यात कापूस बाजाराच्या बाजूला, एका अडत्याच्या दुकानावर त्यांचा स्टुडिओ होता. छताला उत्तरेकडून काचा बसवलेल्या, त्यातून उजेड यायचा आणि त्या उजेडातच फोटो निघायचा. एकोणीसशे पन्नास साल उलटल्यावर मी तिथे चार वर्षं काढली. प्लेट धुणं, प्रिंट काढणं, रिटचिंग, सगळं तिथेच शिकलो. रिटचिंग म्हणजे निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिलीनं बारीक बारीक टिपके देत चेहऱ्यावरचे खड्डे बुजवायचे. त्या काळी देवीचे व्रण घरोघरी असत आणि लग्नाच्या पोरीचा फोटो पाहुण्यांकडे आधी जाई, पोरगी मागून. उस्तादांच्या पेन्सिलीनं कितीतरी लग्नं जमवली. पण त्यांचा एक नियम होता. खड्डा बुजवायचा, तीळ पुसायचा नाही. "तीळ पुसला त तिची मायच म्हणन का हे माही पोरगी नोहे," असं ते म्हणत.

स्टुडिओत गिऱ्हाइकांसाठी एक काळा कोट होता, एक पेन होतं आणि एक मनगटी घड्याळ होतं. खेड्यावरून आलेला माणूस धोतरावर तो कोट चढवायचा, खिशाला पेन लावायचा, मनगटावर घड्याळ बांधायचा आणि खुर्चीत बसायचा. पेनात निब नव्हती आणि घड्याळाची स्प्रिंग मी तिथे जायच्या आधीच तुटलेली होती. काटे फक्त बाजूच्या किल्लीनं फिरत. उस्तादांनी ते दहा वाजून दहा मिनिटांवर लावून ठेवले होते, कारण त्यांच्या मते आमच्या स्टुडिओत उजेड दहाच्या सुमारास सगळ्यात चांगला पडायचा. अकोला जिल्ह्यातल्या निम्म्या भिंतींवर त्यामुळे दहा वाजून दहा मिनिटं झालेली असत. मग तो माणूस शेतकरी असो, तलाठी असो की नवा मास्तर.

चार वर्षांनी मी अमरावतीला आलो आणि स्वतःची पाटी लावली. गावात आधीच तीन स्टुडिओ होते, माझा चौथा. गिऱ्हाईक यायचं, भाव विचारायचं आणि "पाहतो" म्हणून जायचं. तेव्हा नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं मला ती जर्मन लेन्स दाखवली. पितळी नळी, आत जांभळट चमकणारी काच, हातात घेतली की वजन कळायचं. तिची किंमत ऐकून मी दोन दिवस नीट जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी बायकोच्या पाटल्या मोडल्या. ती फक्त म्हणाली, "त्या काचेतून निदान माहा एक फोटू काढजा."

मी दुकानावर नवी पाटी रंगवून घेतली: 'येथे जर्मन काचेचे फोटो मिळतील.' साध्या काचेचा भाव वेगळा, जर्मनचा सव्वापट. आश्चर्य म्हणजे लोक जर्मनच मागायला लागले. वकील, प्रोफेसर, सराफ्यातले लोक मुद्दाम येऊन म्हणायचे, "आपला जर्मनमधे काढा बरं." फोटो हातात पडला की ते तो लांब धरायचे, जवळ धरायचे आणि मान डोलवायचे. मीही डोलवायचो.

पण रिकाम्या दुपारी माझं मन मला खायचं. शेवटी एकदा मी बायकोला खुर्चीत बसवलं, जुन्या काचेतून तीन आणि जर्मनमधून तीन असे सहा फोटो काढले, मागे पेन्सिलीनं खुणा केल्या आणि पत्ते पिसतात तसे पिसून ओळखायला बसलो. तासभर बसलो. भिंग लावून पाहिलं, खिडकीशी नेऊन पाहिलं. मला ओळखता येईना. बायको बाजूला तांदूळ निवडत होती. ती उठून आली, सहाही फोटो ओळीनं मांडून तिनं पाहिले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "अवो, याच्यातल्या कोणत्या फोटूत माह्या पाटल्या हायेत?"

मी तिच्यावर ओरडलो. बाईमाणसाला यातलं काय समजतं, असं काहीतरी बोललो. त्या वाक्याचीही लाज वाटते, पण ती या गोष्टीतली सगळ्यात लहान लाज आहे.

उस्तादांची काच जुनी होती. कुण्या इंग्रज अधिकाऱ्यानं जाताना विकलेल्या सामानातून ती त्यांनी घेतली होती. तिच्या कडेला एक टवका उडालेला होता आणि तिथे त्यांनी काळी शाई भरून ठेवली होती. मी जर्मन काच घेतल्याचं अकोल्याला समजलंच. पुढच्या खेपेला मी कागद आणि औषधं आणायला गेलो तेव्हा उस्तादांनी ती मागून घेतली, फिरवून पाहिली आणि म्हणाले, "सुंदर हाय. पण स्टुडिओत आपण उजेड आत घ्यायचं छिद्र बारीक करून फोटू काढतो. छिद्र बारीक झालं का सगळ्या काचा बहिणी-बहिणी. तू पैसा कायले घातला?"

ते टोचून बोलले नव्हते. पण तिथे दोन-चार माणसं बसलेली होती आणि मला ते झोंबलं. मी म्हणालो, "उस्ताद, फरक आहे. पाहणाऱ्याला दिसतो."

त्या चार माणसांत एक वकीलसाहेब होते. स्टुडिओत बसून पान खाणं हा त्यांचा कोर्टानंतरचा उद्योग. वाद दिसला की त्यांच्या अंगात यायचं. ते म्हणाले, "वाद कायले घालता? परीक्षा घेऊ." आणि तिथल्या तिथे त्यांनी नियम ठरवले. एकच माणूस, एकच कॅमेरा, एकच बैठक. चार फोटो उस्तादांच्या काचेतून, चार माझ्या. प्रिंट उस्ताद काढतील, पण मागच्या खुणा वकीलसाहेब करतील आणि गठ्ठा त्यांच्याजवळ राहील. मग दोघांनी आळीपाळीनं ओळखायचं. महाराष्ट्र राज्य होण्याच्या आधीचा उन्हाळा होता. पुढच्या रविवारी सकाळी यायचं ठरलं.

त्या आठवड्यात मला धड झोप लागली नाही. मला ठाऊक होतं की फरक दिसत नाही. जर्मन काच स्वतः पडताळून हे ठाऊक झालेला जगात मी एकटाच होतो, बायको सोडून. आणि मला हेही ठाऊक होतं की मी हरलो तर ती गोष्ट दुसऱ्या दिवशीच्या पॅसेंजरनं बडनेऱ्याला आणि टांग्यानं अमरावतीला पोचेल. मग त्या पाटीचं काय करायचं, आणि सव्वापट भाव दिलेल्या लोकांना काय सांगायचं?

रविवारी सकाळी खुर्चीत बसायला एक तरुण आला होता. तेल्हाऱ्याकडच्या एका खेड्यातला, दोन-तीन वर्षांपूर्वी बौद्ध झालेल्या घरातला. कचेरीत कारकून म्हणून नुकताच लागला होता. घराण्यातली पहिली सरकारी नोकरी, म्हणून गावी पाठवायला त्याला फोटो हवा होता, आणि उस्तादांनी त्याला दोन प्रती फुकट कबूल केल्या होत्या. त्यानं काळा कोट घातला, पेन लावलं, घड्याळ बांधलं. डावा हात खुर्चीच्या दांडीवर ठेवला, म्हणजे घड्याळ दिसावं. उस्तादांनी त्यांच्या काचेतून चार फोटो घेतले.

मग काच बदलायची होती. ती माझ्या हातानं मी बसवली. उस्ताद आत प्लेटी भरायला गेले होते आणि वकीलसाहेब खिडकीतून पिंक टाकत होते. मी त्या तरुणाच्या कोटाची बाही नीट करायला वाकलो. बाही नीटच होती. मी घड्याळाची किल्ली दोन बोटांत धरली आणि दहा-दहाचे काटे साडेदहावर नेले.

आधीपासून ठरवलं होतं असं नाही. पण हात असा सफाईनं चालला की आधीपासून ठरवलं नव्हतं हेही मला शपथेवर सांगता येणार नाही. त्या तरुणाला वाटलं, मी घड्याळ सरळ करतो आहे. तो हसून म्हणाला, "बंद हाय ना साहेब हे?" मी म्हणालो, "फोटोत चालते."

चार फोटो झाले. पुन्हा बाही नीट करून मी काटे मागे दहा-दहावर आणले. स्टुडिओतलं घड्याळ बंद आहे हे तिथल्या प्रत्येकाला इतकं पाठ होतं की त्याकडे कुणी पाहणार नाही, ही माझी खात्री होती. ती खरी ठरली.

दुपारी प्रिंट सुकले. वकीलसाहेबांनी मागे खुणा केल्या, पिसले आणि टेबलावर आठही मांडले. पहिला मान उस्तादांचा. त्यांनी चष्मा पुसला, एकेक फोटो उचलून पाहिला आणि म्हणाले, "मले त सगळे सारखेच दिसून राहिले. पण वकीलसाहेबाचा मान म्हणून सांगतो." सांगितले. चार बरोबर आले, चार चुकले. ते हसले आणि म्हणाले, "नाणं फेकलं असतं तरी इतकेच आले असते."

मग मी. मी पहिला फोटो उचलला आणि घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून दहा. काटे स्वच्छ दिसत होते. दुसरा उचलला, साडेदहा. तेही स्वच्छ. आणि तेव्हा, फोटो हातात असतानाच, मला कळलं की उत्तर माझ्यापुढे पडलं आहे. इंग्रजाच्या टवका उडालेल्या काचेतून ज्वारीच्या दाण्याएवढ्या घड्याळाचा काटा जितका साफ आला होता, तितकाच माझ्या बायकोच्या पाटल्यांच्या काचेतून आला होता. एका केसाचा फरक नव्हता. उस्तादांचं म्हणणं खरं होतं आणि ते सिद्ध करणारा पुरावा माझ्या चोरीनंच तयार केला होता. त्या क्षणाला मी फोटो खाली ठेवून हसलो असतो आणि सांगून टाकलं असतं, तर उस्तादांनी पाठीत धपाटा घातला असता आणि चहा मागवला असता. एवढ्यावर मिटलं असतं.

मी एकेक फोटो ओळखत गेलो. मधे थांबलो, कपाळाला आठ्या घातल्या. खरं वाटावं म्हणून दोन मुद्दाम उलटसुलट सांगितले. आठांत सहा बरोबर. वकीलसाहेबांनी टेबलावर थाप मारली आणि निकाल दिला. त्या कारकून पोराला कुणीतरी विचारलं की तुला कोणता आवडला. तो म्हणाला, "दोन्हीत मीच हावो ना." सगळे हसले. अकलेची गोष्ट त्या दिवशी त्यानं एकट्यानं केली.

उस्ताद हसत नव्हते. वाद घालतील, पुन्हा पिसा म्हणतील, असं मला वाटलं होतं. एक फोटो घेऊन ते खिडकीशी गेले. तिथून त्यांनी विचारलं, "तुले कशावरून समजलं?"

मी म्हणालो, "पापण्यांचे केस उस्ताद. जर्मनमधे सुटे सुटे दिसतात."

त्यांनी फोटो जवळ धरला, दूर धरला. मग कोपऱ्यातल्या माठातलं पाणी घेऊन त्यांनी डोळे धुतले, धोतराच्या सोग्यानं पुसले आणि पुन्हा पाहिलं. "मले नाई दिसत," ते म्हणाले. कुणाला उद्देशून नव्हतं ते.

वकीलसाहेबांनी आठही फोटो मला बक्षीस दिले. कारकुनाला उस्तादांनी दुसऱ्या प्रती काढून दिल्या. संध्याकाळच्या गाडीनं मी परत आलो, आणि ही गोष्ट माझ्याआधीच अमरावतीला पोचली की काय असं वाटावं इतक्या झपाट्यानं ती पसरली. चेल्यानं उस्तादाला हरवलं, जर्मन काचेचा फरक डोळ्यांना दिसतो. माझ्या दुकानापुढे लगीनसराईत रांग लागली.

पंधरा दिवसांनी उस्तादांचं कार्ड आलं आणि त्याच्यामागून एक पार्सल. त्यांनी रिटचिंग बंद केलं होतं. पार्सलात निगेटिव्ह होत्या. ही कामं आता तू कर, असं लिहिलं होतं. ज्या डोळ्यांना पापणीचा केस दिसत नाही, त्यांनी कुणाच्या लेकीच्या तोंडावर पेन्सिल चालवू नये, असंही लिहिलं होतं. मी ते कार्ड उभ्यानं वाचलं. मग निगेटिव्ह उजेडावर धरल्या. त्यांतल्या दोनांवर त्यांनी अर्धं काम करून सोडलेलं होतं. त्या पेन्सिलीच्या टिपक्यांपाशी भिंग नेलं तरी टिपका वेगळा काढता येत नव्हता. ज्यांनी ते केलं त्यांच्या डोळ्यांत काही कमी नव्हतं. हे मला त्या क्षणी दिसत होतं, आणि ते त्यांना कळवणं एका पोस्टकार्डाचं काम होतं.

मी पोस्टकार्ड लिहिलं. 'निगेटिव्ह मिळाल्या, कामं वेळेवर पाठवतो.'

पुढे ऐकलं की ते डॉक्टरांकडे गेले होते. डॉक्टरांनी अक्षरं वाचून घेतली आणि वयाच्या मानानं डोळे उत्तम आहेत असं सांगितलं. त्यावर उस्ताद म्हणाले म्हणे, "डाक्टर अक्षरं वाचायले लावते. मले तोंडं वाचा लागतात." डॉक्टरांपेक्षा त्यांचा माझ्यावर जास्त विश्वास होता. मी त्यांनीच घडवलेला होतो ना.

रिटचिंग गेल्यावर लग्नाची कामं गेली आणि ती गेल्यावर स्टुडिओत उरतं काय? वर्षाच्या आत त्यांनी तो बंद केला आणि तेल्हाऱ्याला मुलीकडे राहायला गेले. बायको त्यांची आधीच वारली होती. जाण्याआधी त्यांनी मला बोलावून त्यांची ती टवक्याची काच दिली. "तुले फरक दिसते. तुह्यापाशी राहू दे," म्हणाले. मी त्यांच्या पाया पडलो. ते पाया पडणं मला अजून आठवतं, कारण खाली वाकल्यावर मला वाटलं की आता वर उठूच नये.

त्यानंतर पाच-सहा वर्षं मी मजेत जगलो. हे लिहायला नको वाटतं पण खरं आहे. दुकान वाढलं, बायकोला पाटल्या केल्या, पहिल्यापेक्षा जाड. मधून मधून मनात यायचं, पण मन निगरगट्ट व्हायला फार दिवस लागत नाहीत, रोज थोडं थोडं होतं. दसऱ्याला मी उस्तादांना कार्ड टाकायचो. त्यांचं उत्तर मुलीच्या अक्षरात यायचं.

मग एका पावसाळ्यात जर्मन काचेला आतून बुरशी धरली. जाळं पसरल्यासारखे पांढरे धागे. ती साफ करायला मुंबईला पाठवावी लागली आणि दिवाळी तोंडावर होती. मी कपाटातून उस्तादांची काच काढली, तिची शाई तपासली आणि कॅमेऱ्यावर चढवली. पाटी तीच ठेवली. भाव तोच घेतला. त्या हंगामात शंभरेक माणसं येऊन गेली. एका प्रोफेसरांनी फोटो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "काहीही म्हणा, जर्मन ती जर्मन." मी नेहमीप्रमाणे मान डोलवायला गेलो, तर मान हलेना.

त्या दिवशी जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. घड्याळ, काटे, पापण्यांचे केस, सगळं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती शिव्या देईल असं वाटलं होतं. तिनं भाकरी थापायची थांबवली आणि म्हणाली, "मंग इथं काहून बसले?"

दुसऱ्या दिवशी मी त्या आठांतले दोन फोटो घेतले, एक दहा-दहाचा आणि एक साडेदहाचा, आणि तेल्हाऱ्याची एसटी धरली. दर्यापूर, अकोट करत जायचं. कापसाचे दिवस होते, रस्त्यात बैलबंड्या आडव्या, त्यामुळे पोचायला दुपार झाली. गाडीत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो आणि कुठलंच वाक्य 'मी' पासून सुरू होत नव्हतं.

उस्ताद ओसरीवर बाजेवर बसले होते. मी हाक मारली तेव्हा त्यांनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदू आलेला होता. एकाचं ऑपरेशन झालं होतं आणि ते बिघडलं होतं. मुलीनं कार्डात हे कधी लिहिलं नव्हतं, त्यांनीच लिहू दिलं नसणार. मुलगी आतून आली, "या दादा, बसा. चहा ठेवते," म्हणाली. तिला मी ती दहा-बारा वर्षांची असल्यापासून ओळखत होतो. स्टुडिओत शाळा सुटल्यावर ती प्रिंट धुवायला बसायची.

मी सांगितलं. जुळवलेली वाक्यं राहिली बाजूला, कसंबसं सांगितलं. घड्याळाचे काटे मी फिरवले होते उस्ताद. मला काहीच दिसलं नव्हतं. पापण्यांचे केस मी मनचे सांगितले. तुमचे डोळे चांगले होते. तुम्हीच बरोबर होते.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ते हसायला लागले. अगदी मनापासून. आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले, "आयकलं का वो बाई? हा माहा चेला. बुढ्याले बरं वाटाव म्हणून इतक्या दूर आला अन् सोताले चोर म्हणून राहिला."

"खरं सांगतो उस्ताद. हे फोटो आणलेत. घड्याळ पाहा, दोन वेळा वेगळ्या आहेत."

मी फोटो त्यांच्या हातात दिले. त्यांनी दोन्ही जवळ धरले, नाकाला लागतील इतके. बोटांनी कडा चाचपल्या. "मले त घडीही नाई दिसत अन् माणूसही नाई दिसत," ते म्हणाले. "तवाच नोहतं दिसत, आता कुठून दिसन? तू पोरगा चांगला हायस. पण खोटं बोलायले तुले जमत नाई, आवाज कापते तुहा." आणि थोड्या वेळानं, "तुले दिसतात ना रे अजून? पापण्याचे केस?"

मी म्हणालो, "कधीच दिसले नाहीत उस्ताद." त्यांनी माझा हात शोधला आणि थोपटला.

मुलगी दारात उभी होती. तिनं पुढे होऊन वडिलांच्या हातातले फोटो घेतले आणि ओसरीच्या टोकाला, उजेडात गेली. लहानपणापासून प्रिंट धुतलेले डोळे होते तिचे, आणि ते घड्याळ बंद आहे हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. ती फार वेळ पाहत बसली नाही. एकदा हा पाहिला, एकदा तो. मग आत गेली.

चहा आला. बशीत ओतून तिनं तो वडिलांच्या हातात दिला. एकच कप आला. उस्ताद म्हणाले, "याले दिला का?" ती म्हणाली, "देल्ला बाबा." त्यांचा चहा संपला, मी पाया पडलो आणि निघालो.

ती फाटकापर्यंत आली. आवाज न चढवता म्हणाली, "म्या पाह्यलं दादा. एकात दहा-दहा हाय, एकात साडेदहा."

मी मान खाली घातली.

"आता बाबाले पुन्हा सांगू नका. डोये गेले म्हणून काम सोडलं, असं समजून थे सुखानं बसले हायेत. चांगले डोये असून सोडलं, हे त्यायले पटलं, त त्यायनं ह्या बाजेवर दिवस कसे काढावे? तुमाले सांगून मोकयं व्हायचं होतं, तुमी झाले. आता पुरे."

तिच्या हातात ते दोन फोटो होते. दहा-दहाचा तिनं पदराखाली ठेवून घेतला. साडेदहाचा माझ्यापुढे धरला.

"हा तुमचा," म्हणाली.

तो अजून माझ्याजवळ आहे. त्यात त्या पोराच्या पापण्यांचे केस दिसत नाहीत. घड्याळाचे काटे तेवढे दिसतात.